जिवंतपणीचा फोटो

सिंदी (रेल्वे)
दि. २२ नोव्हेंबर २०२४

ती. बाईस,
धाकट्या सदाशिवचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, त्याला कारण तुळशीचं लग्न. एकदा तिचं लागलं की मग सगळ्यांचीच लागतात आणि फोटोवाल्याच्या घरात जेवायला सवड राहत नाही. फोन करावा तर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरून काढतेस. मागच्या खेपेस धीरजने नवा ड्रोन घरी आणल्याचं मी सांगितलं, तर तू बारसं कधी म्हणून विचारलंस. तेव्हा आपलं पत्रच बरं.

धीरज म्हणतो की बाबा, लग्नाचे फोटो आता कोणी पाहत नाही, लग्नाच्या आधीचे पाहतात. म्हणून मागच्या आठवड्यात त्याने एका जोडप्याला भर कापसात उभं केलं. मुलीच्या अंगात लाल गाऊन, तोही मागे पार शेताच्या धुऱ्यापर्यंत लोळणारा. त्याला इतका कापूस चिकटला की शेतमालकाने जाताना गाऊन झटकून घेतला. वर ड्रोन घोंघावला तशा वेचणाऱ्या बाया आग्यामोहोळ उठलं म्हणून ओटीतला कापूस टाकून पळाल्या. मी नवरदेवाला विचारलं की तुझे वडील काय करतात, तर म्हणाला की तेही कापूसच पिकवतात, पण आमच्या वावरात फोटो चांगले येत नाहीत.

माझं मात्र यंदा वेगळंच काम चाललं आहे. भाऊजी गेले तेव्हा घरात त्यांचा एकटा असा धड फोटो नव्हता, आठवतं ना? सख्खा मेहुणा फोटोग्राफर, आणि त्यांना कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठं करावं लागलं. खांद्यावर कोणाचा तरी हात राहून गेला. तेरवीला आलेला प्रत्येक जण आधी नमस्कार करायचा आणि मग हळूच विचारायचा की हा हात कोनाचा होय. ते माझ्या मनाला फार लागलं होतं. आपल्याकडे माणूस गेला की फोटोची शोधाशोध सुरू होते आणि शेवटी आधार कार्डावरचा सापडतो. त्याला हार घातला की गेलेला माणूस पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो.

म्हणून यंदा दुकान धीरजवर सोपवलं आणि मी गावोगावच्या म्हाताऱ्यांचे फोटो काढत सुटलो, फुकट. अंगणात जाऊन बसतो, पिकापाण्याचं बोलतो, माणूस कॅमेरा विसरला की बटण दाबतो. पिपऱ्याकडच्या रूपरावांचा फोटो बैल धुताना काढला. म्हातारा असा हसला आहे की बैलसुद्धा हसतो आहे असं वाटतं. पुढे लवकरच ते वारले. तेरवीला लोक बुंदीची पंगत सोडून फोटोपुढे उभे. त्यांची सून म्हणाली की मामंजी जितेपनी एवढे चांगले कधी दिसलेच नाईत. नंतर मनकर्णाबाईंचा काढला, त्याही दिवाळीनंतर गेल्या. दोघांचेही फोटो अगदी वेळेवर झाले. माझी योजना यशस्वी आहे असं म्हणायला हरकत नाही.

प्रफुल आणि सूनबाई प्रेरणाला आशीर्वाद. थंडी वाढली आहे, पण लोभ आखडू नये.

तुझा,
सदाशिव


तळेगाव (श्यामजी पंत)
दि. ३० नोव्हेंबर २०२४

चि. सदाशिव यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र पावलं.

तुझं पत्र मी प्रेरणाला वाचून दाखवलं. ती म्हणाली की मामाजींनी दोघांचे फोटो काढले आणि दोघंही गेले, हे मामाजींच्या ध्यानात आलं नाही काय? मी तिला म्हटलं की त्याला काचेतून जेवढं दिसतं तेवढंच त्याच्या ध्यानात येतं, हे आजचं नाही.

तिला मग आपल्या बाबांच्या दुकानामागच्या कोठीची गोष्ट सांगितली. तू शाळेतही जात नव्हतास. सरकीची पोती ठेवायची ती अंधारी खोली, तिच्या पत्र्याच्या दाराला खिळ्याचं एक भोक होतं. दुपारी दार लावलं की त्या भोकातून रस्ता आत यायचा आणि समोरच्या भिंतीवर उलटा चालायचा. शिंप्याची शेळी पाय वर करून गेली ती तू मला पहिल्यांदा दाखवलीस. मी एवढी मोठी, पण घाबरून ओरडले होते. तू नुसता टक लावून बसला होतास. पुढे तू गल्लीतली सगळी पोरं आत नेलीस, ती रडत घरी गेली, आणि बाबांनी पोराला झपाटलं म्हणून तुझ्यावरून लिंबू उतरवून भोकात कापसाचा बोळा कोंबला. तू तो रोज काढायचास, आई रोज कोंबायची. प्रेरणा म्हणते, मामाजींना ते जे झपाटलं ते अजून उतरलं नाही.

पण एक विचारते. तालुक्यातले सगळे म्हातारे तुला दिसले, सख्खी बहीण म्हातारी झालेली दिसली नाही? माझेही जे फोटो आहेत ते सगळे घोळक्यातलेच. माझ्या खांद्यावर कोणाचा हात राहावा असं मला वाटत नाही. तेव्हा सवडीने ये आणि माझा एक नीट काढ.

इकडे संत्र्याचा बहार बरा आहे. मला अलीकडे गच्चीचा जिना चढताना दम लागतो. प्रफुल वर्ध्याला डॉक्टरकडे नेतो म्हणतो. कृषी केंद्रातून त्याला सवड मिळाली म्हणजे जाऊ. जेवण वेळेवर करत जा. माया आहे म्हणून टोचून लिहिते, राग मानू नये.

तुझी बाई,
अनुसया


सिंदी (रेल्वे)
दि. १४ डिसेंबर २०२४

ती. बाईस,
शि. सा. न. वि. वि.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते हे आपण लहानपणापासून ऐकतो. सिंदीत सध्या तो कावळा मी आहे.

झालं असं की तानाबाई वारल्या. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, डॉक्टरांनी हात टेकलेले. पण मी त्यांचा फोटो काढला होता, एवढंच लोकांनी धरलं. टपरीवाल्या अंकुशने चहा गाळता गाळता जाहीर केलं की सदाभाऊनं काढला का मानूस गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच्या टपरीवरून ही बातमी माझ्या आधी माझ्या घरी पोचली.

परवा मंगल कार्यालयात लग्न होतं. मी नुसता कॅमेरा उचलला तर पहिल्या रांगेतले सगळे म्हातारे एकदम खाली वाकले, जणू सगळ्यांच्याच चपला त्याच क्षणी हरवल्या. आणि आमचे प्रभाकरराव! पतसंस्थेचे माजी अध्यक्ष. स्टेशनपासून स्मशानापर्यंत असा एक खांब नाही ज्यावर त्यांचा हात जोडलेला फ्लेक्स नाही. पूर्वी मी शेजारच्याचा फोटो काढला तरी ते मधे यायचे. ते परवा आहेरात आलेल्या कूलरच्या मागे जाऊन उभे राहिले आणि पंगत बसेपर्यंत निघाले नाहीत. मुलीच्या बापाने धीरजला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या कार्यक्रमाले बाबांले आनू नका, आमी त्यांचा डब्बा घरी पाठवून देऊ.

हे कमी झालं म्हणून की काय, पतसंस्थेच्या निवडणुकीत प्रभाकररावांच्या विरोधात उभी असलेली मंडळी दुपारी दुकानात आली. दार लोटून घेतलं, खुर्च्या ओढल्या आणि म्हणाली की भाऊ, साहेबांचा एक चांगला फोटो काढा, फुल साइज, खर्च आमचा. मी विचारलं, त्यांचा फोटो तुम्हाला कशाला? तर म्हणाले, आदर आहे. त्यांना घालवलं तर संध्याकाळी सीताबाईंची सून आली. सासूबाईंचा फोटो काढा पण त्यांना सांगू नका, असं तिचं म्हणणं. घाई नाई, पन संक्रांतीच्या आत झाला तं बरं, असं जाताना दारातून वळून म्हणाली.

बाई, मला राग येतो तो याचा की याच लोकांच्या खिशात दोन दोन कॅमेऱ्यांचे फोन आहेत. दिवसभर स्वतःचे फोटो काढतात, त्याने कोणी मरत नाही. मी काढला की मरतात! विज्ञानाच्या काळात इतकं अडाणीपण मी खपवून घेणार नाही. वाचनालयात या विषयावर जाहीर व्याख्यान देणार आहे.

तुझा फोटो काढायचा आहेच, विसरलो नाही. पण सध्या सकाळी धुकं फार आहे, उजेड पुरेसा येत नाही. जरा थांबू. डॉक्टर काय म्हणाले ते कळव. माझ्यावर गावाचा लोभ उरला नाही, तुझा तरी उरू दे.

तुझा,
सदाशिव


तळेगाव (श्यामजी पंत)
दि. २४ डिसेंबर २०२४

चि. सदाशिव यास,
अ. उ. आ.

सीताबाईंच्या सुनेचं वाचून मी इतकी हसले की प्रेरणा पाणी घेऊन धावत आली. मग तिलाही वाचायला दिलं. तीही हसली, पण मधेच थांबून माझ्याकडे पाहू लागली. मी तिला सांगितलं की काळजी करू नको, तुझ्याबद्दल माझा तसा काही संशय नाही.

आता माझं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं, तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक झडप निकामी झाली आहे, ती बदलावी लागेल. छाती उघडून. माझ्या वयात धोका आहे आणि न करण्यात जास्त आहे, असं ते स्पष्ट बोलले. मला स्पष्ट बोलणारी माणसं आवडतात. जानेवारीच्या शेवटी करायचं ठरलं. प्रफुल तेव्हापासून माझ्याशी देवळात बोलावं तसं हळू बोलतो आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

तेव्हा सदाशिव, तू आता उजेडाची वाट पाहू नकोस. नागपूरला जायच्या आधी ये आणि माझा फोटो काढ. मी सगळा विचार केला आहे. मी वाचले तर तुझ्या सिंदीच्या लोकांची तोंडं बंद होतील, व्याख्यानाची गरज नाही. नाही वाचले तर निदान माझा फोटो चांगला येईल. नुकसान कशातच नाही. मोतिया रंगाचं लुगडं इस्त्री करून ठेवलं आहे.

मला भीती वाटते, हे तुला लिहिते, पोरांना सांगितलेलं नाही. पण तू समोर कॅमेरा घेऊन बसलास तर वाटणार नाही असं मनाला वाटतं. लवकर येणं करावं. वाट पाहते.

तुझी बाई,
अनुसया


सिंदी (रेल्वे)
दि. २ जानेवारी २०२५

ती. बाईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दुकान बंद केलं आणि घरी जाऊन निजलो. जेवलो नाही. एवढं मोठं ऑपरेशन आणि तू ते संत्र्याच्या भावासारखं लिहितेस. नागपूरचे डॉक्टर हुशार असतात, सगळं नीट होईल. मी स्वतः तिथे हजर राहीन.

व्याख्यान झालं. विषय होता छायाचित्र आणि अंधश्रद्धा. मी चांगला तासभर बोललो. काचेत, कागदात, उजेडात कुणाचं आयुष्य नसतं हे उदाहरणांसह पटवून दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी समारोपात सांगितलं की सदाशिवरावांनी आज आपले डोळे उघडले, आणि मग सर्वानुमते ठरलं की कार्यक्रमाचा फोटो घेऊ नये.

तुझ्या फोटोचं माझ्या मनात आहे. पण माझ्या चांगल्या लेन्सवर बुरशी धरली आहे, ती नागपूरला साफ करायला द्यावी लागेल. धीरजचा कॅमेरा आहे, पण त्याच्यात माणूस उगाच गोरा येतो, तुझा रंग त्यात उतरायचा नाही. शिवाय परवापासून पौष लागला. मी काही मानत नाही, तुला ठाऊकच आहे, पण घरात कोणी मानत असेल तर उगाच मनात शंका कशाला? संक्रांतीला तीळगूळ घेऊन येतो तेव्हा पाहू.

औषधं वेळेवर घे. जिना चढू नकोस. आहे तो लोभ सांभाळून ठेव, मला तो बराच काळ लागणार आहे.

तुझा,
सदाशिव


तळेगाव (श्यामजी पंत)
दि. १६ जानेवारी २०२५

ती. मामाजींना,
प्रेरणाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, चुकलं असेल तर सांभाळून घ्या. फोन केला असता, पण फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

तुम्ही संक्रांतीला आलात, आम्हाला फार बरं वाटलं. आई सकाळपासून मोतिया लुगडं नेसून ओसरीवर बसल्या होत्या. पाठीला उशी नको म्हणाल्या, फोटोत वाकडं दिसतं म्हणून. तुम्ही कॅमेरा बाहेर काढलात, तेव्हा त्या ताठ झाल्या. मग तुम्ही गोठ्याचा फोटो काढला. मग गाईचा. तुळशीचा काढला, संत्र्याच्या क्रेटचा काढला, माझा हळदीकुंकवाच्या ताटासकट काढला. पाण्याच्या टाकीचे तर तुम्ही तीन काढले. तीन वेळा चहा झाला. आणि मग घड्याळ पाहून तुम्ही म्हणालात की आता उजेड गेला, पुन्हा येतो. तेव्हा दुपारचे दोनसुद्धा वाजले नव्हते, मामाजी.

तुम्ही गेल्यावर आई उठून आत गेल्या. लुगडं बदललं, घडी घातली, कपाटात ठेवलं. मी म्हटलं, मामाजी घाईत असतील. त्या म्हणाल्या की हो, त्याले सिंदीची गाडी धरायची होती. रात्री जेवल्या नाहीत. यांनी विचारलं तर भूक नाई म्हणाल्या.

लहान तोंडी मोठा घास घेते. तुम्ही घाबरले काय? घाबरले असाल तर तसं आईंना सांगा, पण पाण्याच्या टाकीचे फोटो काढू नका. माझ्यावर राग धरू नये ही विनंती.

तुमची सून,
प्रेरणा


तळेगाव (श्यामजी पंत)
दि. १८ जानेवारी २०२५

चि. सदाशिव यास,
अ. उ. आ.

प्रेरणाने तुला पत्र टाकलं हे तिने मला सांगितलं. तिला रागावू नकोस. तिने लिहिलं त्यात खोटं काही नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वाचनालयात तासभर बोललास आणि माझ्या ओसरीवर तुला बटण दाबता आलं नाही. आधी मला हसू आलं, मग राग आला, मग फार वाईट वाटलं. का ते सांगते.

ऑपरेशनचं कळल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण मला पाहत नाही, माझ्या जाण्याला पाहतो. शेजारीण आली की आधी डोळे भरून घेते. प्रफुल हल्ली शेवटचं म्हणून घ्यावं तसा मला आई म्हणतो. ज्यांना मी कधी आवडले नाही ते संत्री घेऊन येतात, संत्र्याच्या गावात. मला वाटलं होतं, सदाशिव येईल तो मला नीट पाहील. तू माणसाला कसा पाहतोस ते मला ठाऊक आहे. रूपरावांना तू मरणारा म्हातारा म्हणून पाहिलं नाहीस, बैल धुणारा माणूस म्हणून पाहिलंस, म्हणून तो फोटो तसा आला. आणि मी समोर बसले तर तू गोठ्याकडे तोंड केलंस. म्हणजे तूही मला गेलेलीच धरून चाललास.

मरणाची भीती मला आहेच, ती माझी मी सांभाळीन. पण तू माझ्याकडे पाहायला भितोस हे मला सोसत नाही.

शुक्रवारी, एकतीस तारखेला, सकाळी सहाला गाडी सांगितली आहे. तुझा पौषही तोवर संपतो. त्याआधी ये. नाही आलास तर मी रुसणार नाही, पण मग दवाखान्यात उगाच डोळे पुसत येऊ नकोस.

तुझी बाई,
अनुसया


सिंदी (रेल्वे)
दि. १७ फेब्रुवारी २०२५

ती. बाईस,
शि. सा. न. वि. वि.

तू घरी आलीस, वरणभात खाल्लास आणि मीठ कमी म्हणून प्रेरणाला बोललीस, हे प्रफुलने फोनवर सांगितलं तेव्हा मला खात्री पटली की झडप नीट बसली. नागपूरला भेटलो, पण तिथे तू नळ्यांत होतीस आणि नर्स मला बोलू देत नव्हती. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी गावाचं सांगतो. सदाभाऊनं सख्ख्या बहिनीचाच काढला, ही बातमी मी तळेगावहून परत येईपर्यंत सिंदीत पोचली होती. कशी ते अंकुशला ठाऊक. त्या दिवसापासून तुझी तब्येत गावाची झाली. टपरीवर चहा घेणारा प्रत्येक जण आधी तुझी विचारपूस करायचा. प्रभाकररावांचा माणूस सकाळ-संध्याकाळ दुकानात येऊन, साहेबांनी बाईंचं विचारलं आहे, म्हणायचा. विरोधी मंडळीचाही माणूस यायचा. दोघेही बातमी घेऊन जाताना चेहरा पाडून जायचे, कारण तू ना धड बरी होत होतीस, ना त्यांना निकाल लावून देत होतीस. ऑपरेशनच्या दिवशी मारुतीच्या देवळात तुझ्यासाठी नारळ फुटले, तेही बहुतेक अशा म्हाताऱ्यांचे ज्यांचे फोटो मी आधीच काढून ठेवले आहेत.

आणि तू वाचलीस. दुसऱ्याच दिवशी अंकुशने चहा गाळता गाळता जाहीर केलं की छाती फाडली तरी बाई उठून बसली, कारन सदाभाऊनं फोटो काढलता. आता म्हणे माझ्या फोटोने आयुष्य वाढतं! दुकानापुढे म्हाताऱ्यांची रांग. प्रभाकरराव कोट घालून सगळ्यांच्या पुढे. तीन वेगवेगळ्या बाजूंनी काढा म्हणाले, एकाने किती वर्षं वाढतात याची त्यांना खात्री नव्हती. सीताबाई स्वतः काठी टेकत आल्या, तर मागून त्यांची सून धावत आली आणि मला म्हणाली की सदाभाऊ, आज राहू द्या, उजेड चांगला नाई. मी त्यांना सांगून पाहिलं की फोटोने माणूस मरतही नाही आणि जगतही नाही. सगळ्यांनी मान डोलावली, रांग सोडली नाही. पुन्हा व्याख्यान द्यावं असं धीरज म्हणतो. मला आता त्या विषयावर बोलायचा अधिकार नाही.

कारण एकतीस तारखेच्या सकाळचं तुला ठाऊक आहे. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. आयुष्यभर लोकांना हसलो आणि आतून मीही त्यांच्याच रांगेत, सगळ्यांत खाली वाकलेला. मला खरंच वाटत होतं, बाई, की मी बटण दाबलं तर तू जाशील. त्याला विज्ञान नाही आणि लाजही नाही. सहा वाजता तू ओसरीवर येऊन बसलीस, लुगडं तेच. अंगणात अंधारच होता, ओसरीच्या दिव्याचा पिवळा उजेड. गाडीवाला हॉर्न देत होता. मी डोळा लावला आणि तू काचेत आलीस. तू सरळ माझ्याकडे पाहत होतीस आणि मला ते पाहवत नव्हतं. एकदाच दाबलं. पडद्यावर पाहिलं तर फोटो हललेला. पुन्हा बस म्हणायची हिंमत झाली नाही आणि प्रफुलने तुला गाडीत घेतलं. पन्नास वर्षांत इतका खराब फोटो मी काढला नव्हता. शिकायला आलेल्या पोराचा असता तर मी कान धरला असता.

तो छापून सोबत पाठवतो आहे, तू मागितलास म्हणून. नाही तर पाठवला नसता. तुझं तोंड दोन ठिकाणी आहे, डोळे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते कळत नाही. तो पेटीत ठेव, कोणाला दाखवू नकोस. तू हिंडू-फिरू लागलीस की येतो आणि दिवसाउजेडी, स्टँड लावून, नीट काढतो. झाल्या गोष्टीची क्षमा असावी आणि लोभ होता तेवढाच राहावा.

तुझा,
सदाशिव


तळेगाव (श्यामजी पंत)
दि. २ मार्च २०२५

चि. सदाशिव यास,
अ. उ. आ.

फोटो मिळाला. लिहायला हात अजून जड आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

प्रफुल म्हणाला की मामाने हा कसा काय पाठवला. प्रेरणाने उजेडात धरून पाहिला, तिरका करून पाहिला आणि म्हणाली की आई, यात तुम्ही कुठे आहात तेच समजत नाही, दुसरा मागवू. मी नाही म्हटलं. प्रफुलला फ्रेम करून आणायला लावली आणि समोरच्या खोलीत भिंतीवर लावली, हार न घालता. येणारे-जाणारे विचारतात, हा काय आहे म्हणून. मी सांगते, माझा भाऊ आहे.

पुन्हा नीट काढायला येऊ नकोस, नुसता ये. चांगले फोटो तू सगळ्या तालुक्याचे काढलेस, त्यांच्यापुढे तुझा हात दगडासारखा होता. प्रभाकररावांचेही तीन काढलेस, ते तिन्ही स्पष्ट आले असतील. हात हलला तो माझ्या एकटीपुढे.

शेवटी लोभ असावा असं लिहायचा रिवाज आहे. या खेपेस लिहीत नाही. तो फोटोत आला आहे.

तुझी बाई,
अनुसया